लेव्हीचा हिशेब आता ॲपलाही लावा

तूर भरडून डाळ निघाली की तिच्यातले डागी, काळपट, अर्धवट सालीचे दाणे आणि खडे वेचून काढावे लागतात. एके काळी हे काम बायका करत. सूप आणि चाळणी घेऊन ओळीने बसायचे, दिवसभर मान खाली घालून डाळ निवडायची आणि संध्याकाळी रोज घेऊन घरी जायचे. उदगीर आणि लातूर ही तुरीच्या डाळीची गावे. इथल्या कितीतरी घरांची चूल या रोजावर पेटली. पुढे मिलमध्ये ‘सॉर्टेक्स’ यंत्र आले. उंचावरून दाण्यांची धार खाली पडते, कॅमेरा दाणा न दाणा पाहतो आणि रंगात खोट दिसली की हवेचा बारीक झोत तेवढाच दाणा बाजूला उडवतो. ज्या कामाला बायकांची रांग दिवसभर बसायची ते यंत्र बघता बघता उरकते.

यंत्राने माणसाच्या नजरेचे काम घेतल्याची गोष्ट ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी आले तेव्हा सुरू झाली, असे शहरांत समजले जाते. डाळीच्या या पट्ट्यात ती त्याच्या कितीतरी आधी घडून गेली होती. तिच्यावर लेख आले नाहीत, परिसंवाद झाले नाहीत. रोजंदारीवरच्या बाईला कामावरून काढावेही लागत नाही. ‘उद्यापासून येऊ नको’ एवढे सांगितले की भागते. डाळ अधिक स्वच्छ निघू लागली, मिलवाल्याला दर बरा मिळू लागला, गिऱ्हाईकाच्या ताटातला खडा गेला. हे सगळे चांगलेच झाले. वाचलेल्या मजुरीतला एक पैसाही मात्र सूप खाली ठेवून घरी गेलेल्या बाईकडे आला नाही.

कृत्रिम बुद्धिमत्तेची चर्चा इथून सुरू व्हायला हवी. एआय नोकऱ्या खाणार की नव्या देणार, यावर जगभरच्या संस्था आकडे मांडत आहेत. जागतिक आर्थिक मंचाच्या २०२५ च्या अहवालानुसार २०३० पर्यंत जगात ९.२ कोटी कामे जातील आणि १७ कोटी नवी येतील. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने जानेवारी २०२४ मध्ये जगातल्या सुमारे ४० टक्के नोकऱ्यांना एआयचा स्पर्श होईल असे म्हटले. हे अंदाज बरोबर निघोत वा चूक, त्यांच्या बेरजा-वजाबाक्यांत एक प्रश्न हरवतो. ज्याचे काम गेले आणि ज्याला नवे मिळाले, ती दोन माणसे वेगळी असतात, वेगळ्या गावांत राहतात आणि बहुधा वेगळ्या वयाची असतात. यंत्राने झालेल्या बचतीतून काम गमावणाऱ्याला काय मिळणार, हे ठरवणे हे समाजाचे काम आहे. महाराष्ट्राने ते पूर्वी केलेले आहे, कायद्यात लिहून केलेले आहे. ते आज पुन्हा करण्याची गरज आहे.

उदगीर हे एक लाखाहून जास्त वस्तीचे तालुक्याचे गाव. १७६० साली सदाशिवरावभाऊंनी इथे निजामाचा पराभव केला म्हणून इतिहासात प्रसिद्ध. एरवी मोंढा, डाळमिला, कॉलेजे आणि शेजारचे बीदर यांच्यावर चालणारे. इथल्या मध्यमवर्गाचे आणि बऱ्या शेतकऱ्यांचे गेल्या तीन दशकांतले सर्वांत मोठे खर्चाचे खाते म्हणजे मुलांचे शिक्षण. ‘लातूर पॅटर्न’ने जिल्हाभर एक विश्वास रुजवला: दोन वर्षे जीव तोडून अभ्यास करायचा, मेडिकलला नाहीतर इंजिनिअरिंगला नंबर लावायचा आणि मग पुणे किंवा हैदराबाद. अनेक घरांनी त्यासाठी एखादा एकर विकला, सोने गहाण ठेवले. संगणक शाखेला प्रवेश मिळाला की नोकरी ठरलेली, हे गणित वीस-पंचवीस वर्षे बहुतांशी बरोबर येत होते. देशाच्या आयटी उद्योगात आज सुमारे ५८ लाख माणसे काम करतात, त्यांत मराठवाड्याच्या मुलामुलींची संख्या मोठी आहे.

जुलै २०२५ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने आपल्या मनुष्यबळातले सुमारे दोन टक्के, म्हणजे १२ हजारांहून अधिक कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले. त्या कपातीत मधल्या आणि वरच्या फळीतले लोक जास्त होते आणि कंपनीने कारण कौशल्यांच्या न जुळण्याचे दिले. तरीही उदगीरसारख्या गावात ही बातमी वेगळ्या अर्थाने पोचली. ज्या कंपनीत लागले म्हणजे सरकारी नोकरीइतके पक्के असे मानले जायचे, तिथेही माणूस कमी होऊ शकतो. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी तिथल्या पगारपत्रकांच्या नोंदी तपासल्या. एआयचा वापर ज्या कामांत सर्वाधिक होतो त्यांत २२ ते २५ वयाच्या मुलांचा रोजगार इतरांच्या तुलनेत १३ टक्क्यांनी घसरला होता. त्याच कामांत जुने, अनुभवी लोक टिकून होते.

हे अमेरिकेचे चित्र आहे, पण उदगीरच्या पालकांनी त्याकडे लक्ष द्यावे असे त्यात खूप आहे. लहान गावातून गेलेला मुलगा कंपनीत शिरतो तो सर्वांत खालच्या पायरीवरून. साधा कोड लिहिणे, तो तपासणे, तक्रारींची उत्तरे देणे, तक्ते भरणे. त्याच्याकडे ओळख नसते, इंग्रजी सफाईदार नसते. तो कामावर शिकतो आणि तीन-चार वर्षांत उभा राहतो. एआय नेमके हेच पहिल्या वर्षाचे काम सहज करते. पहिली पायरीच निघाली तर पुण्यात वाढलेला, वडिलांच्या ओळखीवर उमेदवारी मिळवणारा मुलगा कुठून तरी वर चढेल. उदगीर, देवणी, जळकोटच्या मुलाला दुसरा जिना नाही.

घाई मात्र दोन्ही बाजूंनी टाळली पाहिजे. स्वीडनच्या क्लार्ना कंपनीने २०२४ च्या सुरुवातीला गाजावाजा केला की आपला एआय सहायक ७०० माणसांचे काम करतो. पुढच्याच वर्षी तिच्या प्रमुखांनी सेवेचा दर्जा घसरल्याचे मान्य करून पुन्हा माणसे घेण्याचे ठरवले. ऑस्ट्रेलियाच्या कॉमनवेल्थ बँकेने ४५ जणांना बोलत्या यंत्राच्या भरवशावर कमी केले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये तो निर्णय मागे घेतला. प्रत्येक गेलेल्या नोकरीचे खापर एआयवर फोडणेही चूक आहे. उदगीरचा सरकारी दूध भुकटी प्रकल्प वर्षानुवर्षे बंद पडून राहिला, त्यात कोणत्याही यंत्राचा हात नव्हता. तो धोरणाच्या हेळसांडीने बंद राहिला. गावातले काम जाण्याची अशी जुनी कारणे जागच्या जागी आहेत आणि नवे त्यांच्यावर येऊन पडते आहे.

आयटीपर्यंत न पोचणाऱ्या मुलांचे काय, हा त्याहून मोठा प्रश्न. त्यांच्यासाठी महाराष्ट्राने एक ठरीव वाट आखून ठेवली आहे: एमएस-सीआयटी, टायपिंगची परीक्षा, मग लिपिकाच्या जागेसाठी अर्ज. लिपिक-टंकलेखकाला आजही मराठीत मिनिटाला ३० किंवा इंग्रजीत ४० शब्दांचा वेग लागतो. त्यासाठी तालुक्या-तालुक्यात मुले-मुली क्लास लावतात, महिनोन्‌महिने सराव करतात. त्यांच्या खिशातला फोन दरम्यान बोललेली मराठी ऐकून लिहू लागला आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या मे २०२५ च्या अभ्यासात एआयचा सर्वाधिक धोका कारकुनी कामांना असल्याचे नोंदवले आहे, आणि सर्वाधिक धोक्याच्या गटात स्त्रियांचे प्रमाण पुरुषांच्या जवळपास दुप्पट आहे. परीक्षा परिषद आणि सामान्य प्रशासन विभाग यांनी हे वाचून टायपिंगच्या वेगाची अट बदलायला हवी होती. मुलांचे श्रम आणि पालकांचे पैसे अजून त्याच अटीपायी खर्च होत आहेत.

गेल्या दहा वर्षांत गावात संगणकावरचे जे नवे काम निर्माण झाले ते सरकारनेच निर्माण केले, हेही लक्षात घेतले पाहिजे. आपले सरकार केंद्र, सीएससी, झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मची दुकाने. तहसीलच्या आसपास ती एकाला लागून एक असतात. पीकविमा, ई-केवायसी, फार्मर आयडी, सातबारा, उत्पन्नाचा दाखला, स्कॉलरशिपचा फॉर्म. २०२१ पासून पीक पाहणीही ॲपवर आली. २०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, सोयाबीन पाण्यात गेले. राज्य सरकारने ऑक्टोबरमध्ये ३१ हजार ६२८ कोटींचे पॅकेज जाहीर केले तेव्हा मदत खात्यावर येण्यासाठी शेतकरी पुन्हा याच दुकानांपुढे उभे राहिले. कारण ॲप त्यांना वापरता येत नाही. दुकानातल्या मुलाचा धंदा या न येण्यावर उभा आहे.

आता सरकारी सेवा व्हॉट्सॲपवर देण्यासाठी राज्याने २०२५ मध्ये मेटा कंपनीशी करार केला. कृषी खात्याने ‘महाविस्तार’ हे मराठीत सल्ला देणारे एआय ॲप आणले आणि शेतीतल्या एआयसाठी ५०० कोटींचे धोरण मंजूर झाले. शेतकऱ्याने फोनशी बोलावे आणि दाखला मिळावा, हे झाले तर त्याची रांग वाचेल, दिवसाची मजुरी वाचेल, वरचे पैसे वाचतील. याला विरोध करण्याचे कारण नाही. त्या दुकानातल्या दोन-तीन पोरांच्या कामाचे काय, हा प्रश्न तरीही विचारावा लागतो, कारण तो आज विचारला नाही तर डाळ निवडणाऱ्या बायकांसारखीच तीही मुकाट्याने घरी जातील.

कामाइतक्याच वेगाने खर्च बदलला आहे. २०२२-२३ च्या राष्ट्रीय उपभोग खर्च पाहणीत ग्रामीण भारताच्या घरखर्चातला अन्नाचा वाटा पहिल्यांदाच निम्म्याच्या खाली, ४६ टक्क्यांवर आला. प्रवास, फोन, कपडे, टिकाऊ वस्तू यांचा वाटा वाढला. ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात देशात यूपीआयचे दोन हजार कोटींहून अधिक व्यवहार झाले. मोंढ्यापासून चहाच्या टपरीपर्यंत पैसे आल्याची वर्दी देणारा डबा दिसू लागला आहे. सुट्ट्या पैशांची कटकट गेली, दुकानदाराचा हिशेब चोख झाला, फेरीवाल्या बाईच्या खात्यात रोजची उलाढाल दिसू लागली. तंत्रज्ञानाने गरिबाला थेट दिलेली ही खरी सोय आहे आणि ती मोकळेपणाने मान्य केली पाहिजे.

अडचण सुरू होते ती पैसा गावात किती थांबतो तिथे. मराठवाड्यातल्या बाजारपेठेचे वर्ष सोयाबीनवर चालते. दसरा-दिवाळीच्या आसपास आडतीवरून पट्टी हातात आली की कापड दुकानात, भांड्यांच्या दुकानात, सराफाकडे गर्दी व्हायची. त्या दुकानांत गावातलीच पोरे कामाला असायची. कापड घेतले की शिंप्याला काम मिळायचे. पावसाने दगा दिला तर दुकानदार उधारी वहीत मांडून पुढच्या सुगीपर्यंत थांबायचा. आता ऑनलाइन कंपन्यांचे सणाचे सेल नेमके त्याच आठवड्यांत येतात. मीशो, ॲमेझॉन, फ्लिपकार्टची पार्सले तांड्या-वाड्यांपर्यंत पोचतात. गिऱ्हाईकाला वस्तू स्वस्त मिळते, निवड भरपूर मिळते आणि त्याने ती का घेऊ नये? गावाच्या वाट्याला मात्र पार्सल पोचवण्याची मजुरी तेवढी उरते. दुकानाचे भाडे, नोकराचा पगार, शिंप्याची शिलाई, नगरपालिकेचा कर हे सगळे बंगळूर, गुरुग्राम, भिवंडीकडे सरकते.

उधारीची जागा हप्त्याने घेतली. २०२५-२६ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता आणि सुगीत मोंढ्यातला दर त्याच्या बराच खाली होता. तरी मोबाइल बदलला जातो, कारण हप्ता महिन्याला हजार-बाराशेच दिसतो. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज अशी गोष्टच नसते. व्याज दुसऱ्या नावाने आकारलेले असते. नोव्हेंबर २०२३ मध्ये विनातारण ग्राहक कर्जे फार वेगाने वाढत असल्याचे पाहून तिने बँकांसाठीचे नियम कडक केले. तिच्या जून २०२५ च्या वित्तीय स्थैर्य अहवालानुसार भारतीय कुटुंबांच्या एकूण कर्जात घराव्यतिरिक्तच्या किरकोळ कर्जांचा, म्हणजे मुख्यतः खर्चासाठी काढलेल्या कर्जांचा वाटा सुमारे ५५ टक्के होता. ज्याचे उत्पन्न वर्षातून एकदा येते आणि तेही पावसावर ठरते, त्याच्या डोक्यावर महिन्याच्या पाच तारखेचा हप्ता बसवणे हा मूळ विसंगत व्यवहार आहे. उधारी देणारा दुकानदार पाऊस पाहून थांबायचा. कर्ज देणारे ॲप पाऊस पाहत नाही.

२०२५ मध्ये एआयही फुकट वाटले जाऊ लागले. जुलै २०२५ मध्ये एअरटेलने ग्राहकांना पर्प्लेक्सिटीची वर्षभराची सेवा फुकट दिली. ऑक्टोबरच्या अखेरीस जिओने गुगल जेमिनीची १८ महिन्यांची सेवा आधी १८ ते २५ वयाच्या मुलांना देऊ केली, ज्याची किंमत ३५,१०० रुपये सांगितली गेली. नोव्हेंबरमध्ये चॅटजीपीटीनेही एक योजना भारतात वर्षभर मोफत केली. कॉलेजच्या मुलाला इतका हुशार शिकवणीदार फुकट मिळणे ही मोठी संधी आहे, विशेषतः ज्या घरात शिकवणीला पैसे नाहीत तिथे. जिओचा इतिहास पण समोर ठेवावा. सप्टेंबर २०१६ मध्ये फुकट इंटरनेट आले, सवय लागली, बरेच स्पर्धक मिटले आणि जुलै २०२४ मध्ये रिचार्ज १२ ते २५ टक्क्यांनी महागले. तोवर फोन ही घराची गरज झाली होती, त्यामुळे वाढीव पैसे दुसऱ्या कशातून तरी कमी करून भरावे लागले. एआयची सवय लागल्यावर तेच होणार. शिवाय या फुकट काळात मुले जे विचारतात, बोलतात, दुरुस्त करतात त्यातून ही यंत्रे शिकत असतात. तेही एक काम आहे आणि त्याचा मोबदला कुणी देत नाही.

तो देता येतो, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. मायक्रोसॉफ्टच्या बंगळूरच्या संशोधकांनी ‘कार्या’ नावाच्या प्रकल्पात पालघर जिल्ह्यातल्या आमले गावातल्या आणि मुंबईत धारावीतल्या लोकांकडून मराठी वाक्ये वाचून घेतली, आवाज नोंदवले आणि त्याचे पैसे दिले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार, विद्यापीठातले विद्यार्थी धरून, ३६ जणांकडून १०९ तासांचे मराठी ध्वनिमुद्रण मिळाले आणि ते यंत्राला भाषा शिकवण्यास उपयोगी ठरले. पुढे कार्या स्वतंत्र संस्था झाली. तिने अशा कामाला तासाला सुमारे पाच डॉलर दर ठेवला, जो देशातल्या किमान वेतनाच्या कितीतरी पट आहे.

आता उदगीरचा विचार करावा. इथे मराठी, कानडी, तेलुगू आणि दखनी उर्दू एकाच मोंढ्यात बोलल्या जातात. इथली मराठी पुण्याच्या वळणाची नाही. बोलते यंत्र सदाशिव पेठेतले वाक्य चटकन समजते आणि उदगीर-देगलूरच्या शेतकऱ्याच्या बोलण्यावर अडखळते, कारण त्याला ही बोली कुणी ऐकवलेलीच नाही. एप्रिल २०२२ मध्ये ९५ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन याच गावात झाले. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला. त्या दर्जाच्या निधीतला काही भाग सीमेवरच्या बोलींचे आवाज नोंदवण्यावर खर्च करावा. नोंदवणाऱ्या बायका-मुलांना तासाप्रमाणे मजुरी द्यावी. काम उदगीरच्या महाविद्यालयांमार्फत व्हावे आणि जमलेला साठा सार्वजनिक मालकीचा राहावा. महाविस्तारसारखे ॲप खरोखर बांधावर चालायचे असेल तर हे केल्यावाचून गत्यंतर नाही.

मूळ मुद्दा मात्र बचतीच्या वाटपाचा. तिथे महाराष्ट्राचा इतिहास सगळ्या देशापुढे आहे. हमाल आज या आडतीवर, उद्या त्या आडतीवर. मालक एक नाही, पगार नाही, रजा नाही, म्हातारपणाची सोय नाही. अण्णासाहेब पाटील यांच्यासारख्यांच्या लढ्यातून १९६९ मध्ये माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा झाला. एक मालक नसेल तर सगळ्या मालकांचे मिळून मंडळ करायचे, व्यापाऱ्याने मजुरी मंडळाकडे भरायची, तिच्यावर ठराविक टक्के लेव्ही द्यायची आणि त्यातून हमालाचा प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी, दवाखाना चालवायचा, ही त्या कायद्याची कल्पना. पुण्यात बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने याच वाटेने हमालाला माणूस म्हणून उभे केले आणि पाठीवरच्या पोत्याचे वजन कमी व्हावे म्हणून वर्षानुवर्षे लढा दिला.

१९७२ च्या दुष्काळात मराठवाडा होरपळला तेव्हा वि. स. पागे यांच्या पुढाकाराने रोजगार हमी उभी राहिली. पैसा कुठून आणायचा, तर १९७५ मध्ये व्यवसाय कर बसवला. हिंजवडीत बसलेल्या इंजिनिअरच्या पगारातून आजही महिन्याला कापले जाणारे दोनशे रुपये हे त्या कराचे. शहरातल्या पक्क्या पगाराने खेड्यातल्या बिनपगारी माणसाच्या कामाचा भार उचलायचा, हे तत्त्व महाराष्ट्राने देशाच्या तीस वर्षे आधी स्वीकारले. अलीकडचे उदाहरण ऊसतोड कामगारांचे. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या महामंडळासाठी साखर कारखान्यांकडून गाळलेल्या उसाच्या टनामागे दहा रुपये घ्यायचे आणि तेवढेच सरकारने घालायचे, असे ठरले.

या तीनही व्यवस्थांत दोष आहेत. माथाडीच्या नावाखाली खंडणी उकळणाऱ्या टोळ्या झाल्या, रोजगार हमीच्या हजेरीपटावर खोटी नावे चढली. पण ॲपच्या बाबतीत त्यातला सर्वांत मोठा अडसर आपोआप दूर होतो. मोंढ्यात पोती कुणी मोजायची, यावरून भांडणे व्हायची. ॲपवर प्रत्येक फेरी, प्रत्येक पार्सल, प्रत्येक रुपया आधीच मोजलेला असतो. लेव्ही थेट तिथेच कापता येते, मध्ये कुणी गुत्तेदार लागत नाही.

नीती आयोगाच्या जून २०२२ च्या अहवालानुसार देशात २०२०-२१ मध्ये ७७ लाख लोक अशा ॲपच्या कामावर होते आणि २०२९-३० पर्यंत ते २ कोटी ३५ लाख होतील. कंपन्यांतली पहिली पायरी बंद झाली की शिकलेली मुलेही तिकडेच वळणार. तिथला मुकादम म्हणजे गणिती सूत्र. कुणाला फेरी द्यायची, किती पैसे द्यायचे, कुणाचे खाते बंद करायचे हे तेच ठरवते. ऊसतोडीच्या मुकादमाला निदान गाठून जाब विचारता येतो. ॲपचा हा मुकादम दिसतही नाही.

केंद्राची सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यात ॲप कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम या कामगारांच्या निधीत द्यावी, अशी तरतूद आहे. राजस्थानने २०२३ मध्ये स्वतःचा कायदा केला. शेजारच्या कर्नाटकाने २०२५ मध्ये केलेला कायदा अधिक पुढे गेला. प्रत्येक व्यवहारात कामगाराला मिळणाऱ्या मोबदल्यावर १ ते ५ टक्के कल्याण शुल्क, काम थांबवायचे तर लेखी कारण आणि चौदा दिवसांची पूर्वसूचना, आणि सूत्र कसे निर्णय घेते याची माहिती मागण्याचा हक्क त्याने दिला. लेव्ही लावली तर कंपन्या पळून जातील, असे म्हणणाऱ्यांनी १९६९ मध्ये काय म्हटले गेले ते आठवावे. व्यापार बंद पडेल, असेच तेव्हाही म्हटले जात होते. मुंबई-पुण्याचे बाजार त्यानंतर वाढतच गेले. माथाडी कायद्याचा जन्म जिथे झाला, त्या महाराष्ट्राने २०२५ संपेपर्यंत असा कायदा केलेला नव्हता. ही गोष्ट लाजिरवाणी आहे.

राज्याने तो कायदा करावा आणि एआयच्या बळावर माणसे कमी करणाऱ्या मोठ्या कंपन्यांनाही त्याच्या कक्षेत आणावे. त्या निधीतला हिस्सा तालुक्याच्या गावांत खर्च व्हावा: पहिल्या नोकरीची उमेदवारी देणाऱ्या छोट्या उद्योगांना मदत, फॉर्म भरणाऱ्या केंद्रांतल्या मुलांना नवे काम शिकवण्याची सोय, ॲपवर राबणाऱ्यांचा विमा. व्यवसाय करासारखे हे पैसे शहरातून येतील आणि गावात थांबतील.

तोवर ज्यांच्या घरातला मुलगा किंवा मुलगी पुण्यात, हैदराबादेत किंवा इथेच ॲपवर काम करते, त्यांनी ई-श्रम पोर्टलवर त्यांची नोंदणी आजच करून घ्यावी. ती फुकट आहे, आणि केंद्राने २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात जाहीर केलेले ओळखपत्र व आरोग्य विमा तिच्यावरच अवलंबून आहेत. आणि उदगीर, देगलूर, मुखेड, निलंग्याच्या मतदारांनी आपल्या आमदाराला पुढच्या भेटीत एवढे विचारावे की बीदरच्या मुलाला मिळणारे चौदा दिवस आपल्या मुलाला कधी मिळणार.